नाबुकालूचे गुडघे

नाबुकालूला आपण ओळखत होतो असं म्हणायला सेम्पालाची जीभ आजही रेटत नाही. तिचा नवरा कसा होता, मुलं कुठं पांगली होती, एकटी असताना ती काय गुणगुणायची, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. ठाऊक होते ते तिचे गुडघे, तेही आतून. मसाका गावाच्या टेकडीवरच्या दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. माणसाची हाडं पाहिली म्हणजे माणूस कळला, असं त्याला कधी वाटलं नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा अंगात ठेवणीतली गोमेसी होती, सणासुदीचा पायघोळ झगा. खांद्यांवरच्या टोकदार बाह्या कडक इस्त्रीच्या, कमरेला रुंद चकचकीत पट्टा. दारातून सेम्पाला दिसताच तिनं भिंतीला हात लावला आणि बायकांच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकायला खाली निघाली.

"मावशी, राहू द्या! उभ्यानंच बोला."

"उभ्यानं? पुरुषमाणसाची विचारपूस उभ्यानं करू? मी काय रानातून आलेय?"

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि बाई जमिनीला टेकली.

"रात्र कशी गेली, साहेब?"

"बरी गेली. तुमची?"

"बरी गेली. घरची मंडळी?"

"आहेत सुखरूप."

"हं."

"हं."

विचारपूस रीतसर पुरी झाली. मग तिला उठवायला सेम्पालाला डॉक्टर अडोंगना हाक मारावी लागली. अडोंग उत्तरेकडच्या, उंचपुऱ्या आणि मोठ्यानं हसणाऱ्या. दोघांनी बगलेत हात घालून बाईला उभं केलं.

"यांचा आधी एक फोटो निघालाय दुसरीकडे," अडोंग म्हणाल्या. "त्यात गुडघे झकास आहेत म्हणे. माझ्या हाताला मात्र झकास लागत नाहीत. सेम्पाला, या वेळी उभं करून काढ."

त्या गेल्या. सेम्पाला यंत्र जुळवू लागला, आणि नाबुकालू भिंतीशी बोलावं तसं बोलू लागली. तिच्या भावाच्या मुलीची, बाबिर्येची, मागणी ठरली होती. पुढच्या महिन्यात मुलाकडचे वाजतगाजत येणार. अशा दिवशी मुलीच्या आत्याचा मान सगळ्यांत मोठा. तिनं पाहुण्यांपुढे गुडघे टेकायचे, स्वागत करायचं, पाहुण्यांत लपवून बसवलेला जावई हुडकून काढायचा. बाबिर्येची आत्या म्हणजे नाबुकालू. आणि तिचे गुडघे हे असे.

"गावात म्हणतात, मुलानं पत्र्याचं घर बांधून दिल्यापासून म्हातारीला गर्व चढला, आता ती कुणापुढे वाकत नाही. भावालाही तेच वाटतं. चुलतबहीण नाकिटो तर माझी जागा घ्यायला टपूनच आहे. नवी गोमेसी शिवून तयार! आयुष्यभर मी चटया विणल्या, साहेब. सगळं गाव माझ्या चटयांवर गुडघे टेकतं, आणि मीच तेवढी गर्विष्ठ."

सेम्पालानं तिला लहानशा लाकडी पायरीवर उभं केलं आणि एक्स-रेची पाटी गुडघ्याच्या उंचीवर लावायला स्वतः खाली बसला.

बाई दचकली. "अगंबाई! साहेब, उठा! तुम्ही खाली आणि मी वर?" आणि तो उठायच्या आत ती पायरीवरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर. दोघंही गुडघ्यांवर, मधे एक्स-रेची पाटी.

"मावशी, असा फोटो निघणार नाही!"

"मग झोपते ना. मागच्या दवाखान्यातही असंच झालं होतं. तो पोरगा खाली बसला, मी म्हटलं, बाबा रे, मी आपली आडवी होते, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

सेम्पालाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. फोटोत गुडघ्यातली गादी दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट; गादी झिजली की ती अरुंद होते. आडव्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे फट पुष्कळ दिसते. ही बाई लाजेनं आडवी झाली होती, आणि तिथल्या डॉक्टरनं गुडघे ठणठणीत ठरवले होते.

तिला पुन्हा उभं करून तो विचार करत राहिला. मग घसा खाकरून, यंत्राकडेच पाहत म्हणाला, "मावशी, मागणीच्या दिवशी आत्या जावई शोधत फिरते, तेव्हा पाहुणे बसलेले असतात ना?"

"असतात."

"आणि आत्या?"

"उभी. बसल्याबसल्या कशी शोधणार?"

"मग समजा, मी पाहुणा."

बाई खुदकन हसली. पायरीवर चढली, मान ताठ केली, कमरेवर हात ठेवला. "हा काही आमचा जावई नव्हे गं! याचे केस पिकलेत. पोटही सुटलंय. याला कुणी आणलं बरोबर?"

"हलू नका," सेम्पाला पडद्याआडून ओरडला.

"हा तर आत्यालाच दरडावतोय! काढा याला बाहेर!"

"मावशी, श्वास घ्या आणि गप्प राहा!"

गप्प राहणं तिला जड गेलं, पण फोटो निघाला.

डॉक्टर अडोंगनी तो दिव्याच्या पाटीवर लावला आणि त्यांचं हसू थांबलं. दोन्ही गुडघ्यांत आतल्या बाजूला फट उरलीच नव्हती. हाडावर हाड बसलं होतं, कडेला टोकं फुटली होती. नंतर त्यांनी सोनोग्राफी केली. उजव्या गुडघ्यात पाणी साठलेलं दिसलं. पडद्यावर बघत बघत सुई नेमकी तिथं नेऊन त्यांनी ते ओढून काढलं आणि आत औषध सोडलं.

"याने काही आठवडे आराम पडेल. मांडीचे व्यायाम रोज करायचे. हातात काठी घ्यायची. आणि गुडघे टेकणं आता बंद."

"बंद म्हणजे मागणीनंतर ना?"

"बंद म्हणजे आजपासून."

नाबुकालू तिथंच रडायला लागली. "मग नाकिटोलाच बोलवा. मी कशाला हवी?"

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ लुबोवा आला, जुना फोटो काखेत मारून. मागे काठी टेकत ती. तो दारातूनच कडाडला, "कोण म्हणतं हिचे गुडघे गेले? हा बघा, मोठ्या डॉक्टरनं पाहिलेला फोटो! मागणी तोंडावर आली आणि हिला थेरं सुचताहेत. पाहुण्यांना काय सांगू, आमच्या मुलीची आत्या वाकत नाही म्हणून?"

अडोंग शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या. बोलायचं सेम्पालालाच आलं. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि चाचरत सांगितलं, हा आडवा, हा उभा.

"वा! आणि हे दुसऱ्या कुणा बाईचे गुडघे कशावरून नाहीत? इथं रोज शंभर म्हाताऱ्या येतात."

सेम्पाला पुन्हा फोटोंकडे वळला, आणि तेव्हा त्याला ते दिसलं. डाव्या गुडघ्याच्या बाहेर, मांसात, पांढरी बारीक रेघ. जुन्या फोटोत होती, नव्यातही होती, त्याच जागी, तशीच तिरपी.

"हे काय आहे?" त्यानं बोट ठेवलं. "लोखंडाचं काहीतरी आहे. दोन्हीकडे आहे."

नाबुकालू पुढे वाकली. "सुई! चटई शिवायची सुई! अरे, लहानपणी मी दारात चटई शिवत होते आणि तू मागून..."

"मी नाही ढकललं," लुबोवा घाईघाईनं म्हणाला.

"तू नाही तर कुणी? बकरीनं?"

"तू माझा पिकलेला आंबा खाल्लास म्हणून!"

"बघा, कबूल झाला! आईला सांगितलं तर मारीन म्हणालास. मी नाही सांगितलं. आणि टोक आतच राहिलं!"

पिकल्या केसांचा लुबोवा फोटोच्या अगदी जवळ गेला. रेघेकडे बघत राहिला, मग हाडावर बसलेल्या हाडाकडे.

"फार दुखतं का गं?" त्यानं विचारलं.

"दुखतं."

"नाकिटोला मी सांगतो," तो म्हणाला. "तिनं नवी गोमेसी घालून तुझ्या शेजारी गुडघे टेकावेत. तू खुर्चीवर बसून बोल. जावई तूच शोधायचा."

"आणि पाहुणे काही बोलले तर?"

"बोलतील तेव्हा बघू. माझं घर आहे."

मागणी झाल्यावर नाबुकालू तपासणीला आली. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं होतं म्हणे, पण लुबोवानं त्याच्या कानात काहीतरी सांगितल्यावर त्यानं आपलीच काठी उंच करून तिला दाखवली. जावई तिनं मागच्या रांगेत हुडकला. नाकिटो तेवढी अजून कुरकुरत होती, तिला बोलायला मिळालं नव्हतं. हे सगळं नाबुकालूनं बाकावर बसून सांगितलं. त्यानंतर ती त्या दवाखान्यात आली नाही, आणि पुढे सेम्पालाही निवृत्त झाला.

त्या दिवशी निघताना तिनं काठी घेतली आणि पानात बांधलेले मटोके, म्हणजे वाफवलेल्या हिरव्या केळ्यांचे गोळे, सेम्पालाच्या टेबलावर ठेवले.

"गरम आहेत तोवर खा, बाबा."

"खातो. पायरीवर ओल आहे, मावशी. जपून."

"दिसतेय मला. टॅक्सी कुठल्या बाजूला लागते रे?"

"डावीकडे, आंब्याखाली."

"बरं. येते मग."

"या."