रामलाल आणि गणपतराव

सुधा मॅडम स्लाइडवरचा कर्करोग सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या. आम्ही बाकीचे बिघडलेल्या पेशी शोधत असू आणि त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून विचारत, "या गाठीला रसद कुठून येतेय?" रक्त मिळालं नाही तर गाठ मोहरीएवढीच राहते, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं, "जितकं दिसलं तितकंच बोलायचं."

इंदूरच्या एका मेडिकल कॉलेजात त्या बायोकेमिस्ट्री शिकवायच्या, मी प्रयोगशाळा सांभाळायचे. मला कामाची यादी लागते. मॅडमच्या डोक्यात ती तयार असे. स्लाइडला रंग नीट चढला नाही तर चिडत नसत. "चलो भिया, फिर से," म्हणत स्वतः कामाला लागत. हे 'भिया', म्हणजे इंदुरी 'भैया', मलाही आणि प्रोफेसरांनाही.

त्यांचे वडील गणपतराव छत्रीबागेतल्या घरातून कापडमिलमध्ये मागावर जायचे, पण कायम कधीच झाले नाहीत. रामलाल नावाचा कामगार गावी गेला तो परतला नाही. त्याच्या नावावर हे हजेरी लावत. अशी माणसं तेव्हा बऱ्याच खात्यांत असत. मिल बंद पडली तेव्हा देणी मिळणाऱ्यांच्या यादीत रामलाल होता, गणपतराव जाधव नव्हते. घरी हा विषय कोणी काढत नसे. मॅडमनी मला एकदाच सांगितलं, तेही टेस्टट्यूब धुता धुता.

त्याच सुमारास बाजार खुला झाला, परदेशी रसायनं मागवणं सोपं झालं आणि मॅडमनी पीएच.डी.ला विषय घेतला: थायमिडीन फॉस्फोरिलेज. थायमिडीन म्हणजे डीएनए बांधायला लागणारा एक तुकडा. फॉस्फोरिलेज हे एन्झाइम तो फोडतं. रक्तवाहिन्या वाढवणारा एक घटक वेगळ्याच नावानं ओळखला जाई. दोन्ही एकच आहेत, हे नुकतं उघड झालं होतं. पण कॉलेजच्या समितीनं प्रस्ताव परत पाठवला: दोन विषयांची सरमिसळ झाली आहे, एक निवडा. मॅडम नुसत्या एम.एस्सी., आणि समितीतले डॉक्टर ते विसरू देत नसत. त्यांनी तोच प्रस्ताव, एक शब्द न बदलता, पुन्हा दिला. शेवटी मंजुरी मिळाली, ती नाखुशीनंच.

मग स्तनाच्या गाठींच्या स्लाइड्सवर आम्ही काही वर्षं काम केलं. जिथे एन्झाइम असेल तिथे तपकिरी रंग चढे. मॅडम तो रंग बघत आणि शेजारच्या रक्तवाहिन्या मोजत.

तोंडी परीक्षेला हॉल भरला होता. बाहेरगावचे परीक्षक समितीच्या मताचे निघाले असते, तर सगळं काम पाण्यात जाणार होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. "जाधवबाई, एक पेशीच्या आत बसून थायमिडीन फोडतं. दुसरा बाहेरून रक्तवाहिन्या ओढून आणतो. हे एकच कसं?"

मॅडमनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. तिथे इस्त्रीच्या शर्टात गणपतराव बसले होते.

"सर, माझे वडील मिलमध्ये रामलाल होते आणि घरी गणपतराव. हजेरी रामलालची लागायची, कापड गणपतराव विणायचे. नावं दोन असली म्हणून माणसं दोन होत नाहीत."

परीक्षक म्हणाले, "उदाहरण ठीक. पुरावा?"

मॅडमनी शांतपणे मांडलं. थायमिडीन फुटलं की त्यातली साखर उरते. तिच्यापासून बनलेला पदार्थ पेशीबाहेर पडून रक्तवाहिन्यांच्या पेशींना आपल्याकडे खेचतो. एन्झाइमची फोडण्याची ताकद काढून घेतली की रक्तवाहिन्याही येत नाहीत. म्हणजे कामंसुद्धा दोन नाहीत. काही औषधं मुद्दाम अशी बनवता येतात, की गाठीतलं हेच एन्झाइम त्यांचं गाठीला मारणारं विष करील, हेही सांगितलं. आणि मग, कोणी न विचारता, "माझ्या स्लाइड्स एवढंच दाखवतात की दोन्ही सोबत वाढतात. एकामुळे दुसरं झालं, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "अभिनंदन, डॉक्टर." समितीतल्या एकानंही मान वर केली नाही. मी मात्र टाळी वाजवली, पहिली.

परीक्षक खाली उतरून थेट शेवटच्या बाकापाशी गेले आणि नाव विचारलं. गणपतराव उठले, शर्ट खाली ओढून नीट केला.

"गणपतराव विठोबा जाधव. मागखातं."

मॅडम मध्ये पडायला निघाल्या. मी त्यांना हात धरून थांबवलं. गणपतराव दोन्ही हातांनी हवेत मागावरचा धोटा फिरवून दाखवत होते आणि परीक्षक वाकून बघत होते.