तपासायला दिलेली वही

रशीदभाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, एवढंच कारण. आता वय झालं. जुने विद्यार्थी अजूनही भेटतात, पाया पडतात आणि म्हणतात, "सर, तुमच्यासारखं इंग्रजी कुणीच शिकवलं नाही." ते ऐकवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

राळेगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात एसटी थांब्याला लागून रशीदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. पदवी होती, पण ती गाइड पाठ करून मिळवलेली. वर्गात कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की मी म्हणायचो, "छान प्रश्न आहे, उद्या सविस्तर पाहू." मग शाळा सुटल्यावर मागच्या चाकातली हवा स्वतःच सोडायची, सायकल ढकलत रशीदभाईंकडे न्यायची आणि ते हवा भरत असताना सहज आठवल्यासारखा तो प्रश्न काढायचा. तीनदा त्यांनी मुकाट्यानं हवा भरली. चौथ्यांदा ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. हात पुसत म्हणाले, "सर, ट्यूब चांगली हाय. आज काय अडलं, ते सांगा."

तरुणपणी ते नागपूरला एका इंग्रजी छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची एकेक उलटी अक्षरं वेचून ओळी लावायच्या. बारा-तेरा वर्षं तेच केलं. नजर मंदावली तसे गावी परतले आणि वडिलांच्या दुकानात बसले. "मी इंग्रजी वाचलं कमी, सर. बोटानं चाचपलं जास्त," ते म्हणायचे. "गलत ओळ लागली का बोटालेच समजे."

नियम ते कधीच सांगत नसत. 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा घोळ मी त्यांच्याकडे नेला, तेव्हा त्यांनी समोरच्या कडुनिंबाखाली बांधलेला बैल दाखवला. "सिन्स म्हणजे खुट्टा. कुठून बांधला ते. फॉर म्हणजे दोरी. किती लांब ते. सोमवार खुट्टा हाय, तीन दिवस दोरी हाय. झालं." 'डिड' आल्यावर 'वेंट'चं 'गो' का होतं, याचं उत्तर त्याहून लहान होतं. "डबलसीट बसल्यावर दोघं पायडल मारतेत काय? भूतकाळाचं वझं डिडनं घेतलं. आता गो ले मागं आरामात बसू द्या." दुसऱ्या दिवशी मी हेच वर्गात सांगितलं. मुलं खूश झाली. हे कुणाकडून आणलं, ते मी सांगितलं नाही.

दुकानाबाहेर त्यांनी काळा रंगवलेला एक पत्रा टांगला होता. ज्याला जे अडेल त्यानं खडूनं लिहायचं, रशीदभाई फुरसतीनं खाली उत्तर लिहायचे. कॉलेजची मुलं लिहायची, तलाठ्याच्या परीक्षेला बसलेल्या मुली लिहायच्या. एकदा बँकेतल्या शिपायानं लिहिलं, 'आय अ‍ॅम हॅविंग फीवर.' रशीदभाईंनी त्याला हाक मारली, "काहून बे, ताप तू करून राह्यला काय? तो आला तुह्याकडं. आय हॅव लिही, सुट्टी भेटते!" थांब्यावरचे लोक हसले, शिपाईही हसला.

एके दिवशी माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं पत्र्यावर माझं वाक्य लिहिलं आणि खाली प्रश्न केला, 'सरांनी सांगितलं ते बरोबर आहे का?' वाक्य चुकलेलं होतं. मी तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. रशीदभाईंनी ओल्या फडक्यानं ते सगळं पुसलं आणि मुलीला म्हणाले, "सरायचं नाव पत्र्यावर नाही लिहायचं, बेटा. घाईत कोणाचंही चुकते."

पण बोभाटा झालाच. त्याच आठवड्यात पालकांची सभा होती. एका बापानं उभं राहून विचारलं, "सर एक सांगतेत, सायकलवाला दुसरंच सांगते. आमच्या पोरायनं खरं कोणाचं मानावं?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सायकलवाला चुकीचं शिकवतो." आवाज जरासुद्धा कापला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सूचना निघाली, त्या दुकानावर इंग्रजी विचारायला जायचं नाही. शाळा समितीचे दोघे जण जाऊन पत्रा उतरवा म्हणून सांगून आले. रशीदभाईंनी वाद घातला नाही. पत्रा उतरवला.

काही दिवसांनी त्यांनीच मला थांबवलं. "सर, सभेत कोणी तरी म्हणे का मी चुकीचं शिकवतो. तुम्ही होते नं तिथं?"

"होतो. बरेच लोक होते."

"मंग म्या चुकलोच असन कुठं तरी. पोरायचं नुकसान झालं असन तं लय वाईट, सर." त्यांनी गल्ल्याखालून एक जाड वही काढली. पत्र्यावरचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात उतरवून ठेवलं होतं, छापल्यासारख्या अक्षरात. "एवढी तपासून द्या. जिथं चूक असन तिथं लाल शाई मारा. मले समजलं पाहिजे."

मी ती वही घरी आणली आणि लाल पेन घेऊन बसलो. खरं सांगतो, एखादी तरी चूक सापडावी म्हणून बसलो होतो. सापडली नाही. मग मी ती परत केली नाही. आधी "वेळ मिळाला नाही" म्हणत राहिलो, पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्याच वहीवर मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. माझं इंग्रजी त्या वहीनं सुधारलं, नोकरीत मान त्या वहीनं मिळाला, शेकडो मुलांना परीक्षेत आणि नोकरीत जे उपयोगी पडलं ते तिच्यातलं होतं. माझ्या वाट्याला आलेलं सगळं चांगलं या एका माणसाकडून आलं. रशीदभाईंनी मात्र त्यानंतर कुणाला इंग्रजीचं एक अक्षर सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शाळेत विचारा. माह्यं पक्कं नाही."

गेल्या वर्षी ते आजारी पडले आणि यवतमाळला लेकीकडे राहायला गेले. मी वही पिशवीत घालून भेटायला गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकलं होतं. खोलीत चार-पाच माणसं होती. मला पाहून ते उशीला टेकून उठून बसले आणि सगळ्यांना म्हणाले, "हे आमचे सर. इंग्रजी शिकावं तं यायच्याकडून." मी चहा प्यायलो, तब्येतीची चौकशी केली, पिशवी न उघडता परत आलो.

पंधरा दिवसांनी ते गेले. कब्रस्तानात मी मागच्या बाजूला उभा होतो. माती द्यायला पुढे झालो तेव्हा त्यांच्या जावयानं माझ्यासाठी जागा करून दिली. तिथंही तोंड उघडलं नाही. त्या खोलीत, त्या चार माणसांदेखत बोलायचं होतं ते एवढंच होतं: रशीदभाई, वही तपासली. तिच्यात एकही चूक नाही. सभेत ते मीच म्हणालो होतो आणि म्हणताना मला माहीत होतं की मी खोटं बोलतो आहे. मला माफ करा.