जांभळ्या कापडाचे दिवस

नाशिक रोडला गाडीत चढलो तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, या थंडीत नागपूर? नाताळानंतर जा की." पण मला नाताळाच्या आधीच जायला हवे होते.

सकाळी नागपूरला उतरलो. स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग, अंगावर शाली घेतलेली माणसे, आणि कौलांवर आता टीव्हीच्या अँटेना. सायकलरिक्षावाल्याला सदर भागातले चर्च सांगितले. त्याने भलत्याच चर्चपुढे उतरवले. मी कुरकुरलो तर म्हणाला, "बाबाजी, हे काय लहान हाय? याच्याहून मोठं पायजे का तुमाले?" हसू आले. उरलेली वाट पायी गेलो.

चर्चच्या मागच्या गल्लीत, आमच्या जुन्या मंडळीतल्या एका घरची लेक शांता तिच्या घराच्या दारातच भेटली. नाताळासाठी ती भिंतींना चुना लावत होती. हात पांढरे, पदर खोचलेला. "काका! घर आवरून राहिले, बसाले जागा नाही. प्रभाकर, बाज बाहेर काढा नं!" तिच्या नवऱ्याने अंगणात बाज टाकली. जेवायला पाटवडीचा रस्सा होता, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). तिने आग्रहाने दुसऱ्यांदा वाढले.

जेवण झाल्यावर मी सांगितले.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात शांताचे वडील अंथरुणाला खिळले होते. प्रभाकरशी ठरलेले मुलीचे लग्न डोळ्यांदेखत व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण तो आगमनकाळ होता, नाताळापूर्वीचा तयारीचा काळ. वेदीवर जांभळे कापड असते आणि आमच्या मंडळीत त्या दिवसांत लग्ने लावत नाहीत. मी मंडळीचा पंच होतो. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, सावनेरकडच्या खेड्यांत तंबू टाकून फिरत होते. परवानगी विचारायला मीच गेलो. ते लगेच म्हणाले, "आजाऱ्यासाठी नियम बाजूला ठेवू. तारीख कळवा, मी घरी येऊन लग्न लावतो."

परत येऊन मी शांताच्या घरी सांगितले की पाळकसाहेब नाही म्हणाले. तिच्या वडिलांनी माझ्या भाच्याचे स्थळ नाकारले होते, तो राग होता. नाताळ उजाडायच्या आत ते वारले. पाळकसाहेब परतल्यावर मी म्हणालो, घरच्यांनीच थांबायचे ठरवले होते.

शांता त्या चर्चची पायरी पुन्हा चढली नाही. पाळकसाहेब रस्त्यात भेटले तरी ती तोंड फिरवायची. तिचे काय बिनसले, आपले काय चुकले, हे न कळताच ते देवाघरी गेले.

प्रभाकर उठून आत गेला. शांता हातावरचा वाळलेला चुना खरवडत राहिली.

"काहून आता सांगता, काका?"

"मी मेलो तर हे कोणालाच कळणार नाही."

"तुमाले माफ करन्याचं मंग पाहू. पन त्या देवमानसाले मी गावभर बोलत फिरली. बायकांले सांगितलं, लेकरांले सांगितलं. त्याचं काय करू मी?" मग पदराने हात पुसून म्हणाली, "चाला."

कबरस्तानात पाळकसाहेबांची कबर तिला ठाऊक होती. ती खाली बसली, पालापाचोळा हाताने दूर केला. "साहेब, मी उगाच तोंड फिरवलं," एवढेच म्हणाली. मी मागे उभा होतो. पुढे जायचा धीर झाला नाही. तिनेच बाजूला सरकून जागा केली.

रविवारी ती माझ्याबरोबर त्या चर्चमध्ये आली. उपासनेनंतर नव्या पाळकांच्या परवानगीने मी सगळे उभ्याने सांगितले. आवाज चिरकला तेव्हा पुढच्या बाकावरून शांता म्हणाली, "मोठ्यानं सांगा काका, मागच्यांले ऐकू येऊन नाही राहिलं." दोघे-तिघे हसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

स्टेशनवर तिने माझ्या पिशवीत तुरीच्या शेंगा कोंबल्या. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "माफ केलं असं आज नाही म्हनत, काका. खोटं होईन. पोचल्यावर चिठ्ठी टाका, मी जवाब धाडीन."

गाडी हलली. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे मी आयुष्यभर लोकांना शिकवले. या वर्षी प्रथमच मला वाट पाहण्याजोगे काही मिळाले आहे. देवाचे आणि शांताचे आभार.