सरपंचाच्या पऱ्हाट्या

माझं डोकं पटकन तापतं, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. तरी शिरपूरच्या तहसील कचेरीत जावं मलाच लागे. गावातल्या आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांत लिहिता-वाचता येणारी मीच, शाळेत बाई होते.

प्रश्न पुरायच्या जागेचा होता. बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने आम्हाला मसणवाटा बंद केला. माझे चुलत सासरे वारले तेव्हा त्यांना ट्रकात घालून धुळ्याला न्यावं लागलं. तेव्हापासून त्यांच्या बायकोचं, आमच्या अक्काचं, एकच मागणं. "माले आठेच गाडा, मना गावमां." अक्का थकली होती, आणि अर्ज कचेरीत पडून होता.

नाल्याकाठची पडीक जागा आम्ही मागितली होती. ईस्टर झाल्यावर सोमवारी तहसीलदार पाहणीला येणार असं कळलं आणि सरपंचाने तिथे पऱ्हाट्या रचल्या, कापसाच्या वाळक्या काड्यांचे हे ढीग. जागा वापरात आहे असं दाखवायला.

ईस्टरच्या पहाटे ख्रिस्ती लोक कब्रस्तानात मेणबत्त्या लावून गीतं गातात. आमच्याकडे एकही कबर नव्हती, तरी अक्का दरवर्षी आम्हाला त्या रिकाम्या जागेवर नेऊन उभं करायची.

आदल्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा मी सरळ म्हणाले, "उद्या एखादी मेणबत्ती त्या ढिगात पडली तर पडू दे." एक-दोघं हसले. अक्का हसली नाही. तिने नेहमीसारखी सरपंचासाठी, त्याच्या बायकापोरांसाठी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. मी तोंड मिटून बसले. आमच्या मेलेल्यांना जागा न देणाऱ्याच्या भल्यासाठी मी काय म्हणून आमेन म्हणू? अक्काने काडेपेटी कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "तुना राग शे तवलोंग ही मनाकडे राही."

पहाटे तिने मेणबत्त्या पेटवूच दिल्या नाहीत. पदर खोचला, पऱ्हाट्यांचा भारा उचलला आणि गावाकडे चालू लागली. आधी आम्हाला कळेचना. मग एकेकाने भारा घेतला, कोणीतरी गीत सुरू केलं, आणि हात ओरबाडून घेत आम्ही सरपंचाच्या दारापर्यंत खेपा घालत राहिलो. ऊन वर आलं तेव्हा जागा मोकळी होती आणि त्याच्या अंगणात पऱ्हाट्या नीट रचलेल्या होत्या.

सरपंच दात घासत बाहेर आला. "हे कोणाचं काम?"

"आमनं," अक्का म्हणाली. "भाऊ, तुन्या पऱ्हाट्या. एक भी काडी जळनी नही, पाही ले. पन आमले जागा जोयजे. ती मी मांगतच राहसू."

गाव बघत होतं, त्यांच्यादेखत पऱ्हाट्या परत नेऊन टाकणं त्याला जमणार नव्हतं. अक्का तिथेच हात जोडून त्याच्या घरासाठी प्रार्थनेला उभी राहिली. ह्या वेळी माझ्या तोंडून आमेन निघालं, तेही मोठ्याने. राग मात्र होताच.

तहसीलदारांनी मोकळी जागा पाहिली. तरी मंजुरीसाठी पुढे कचेरीचे बरेच खेटे घालावे लागले. दर वेळी निघताना अक्का विचारायची, "राग उतरना का?" उतरला नसेल तर एस.टी. चुकली तरी चालेल, आधी गुडघे टेकायचे. मग मी टेकायची, आणि पुढच्या गाडीने जायचीच.

जागा मिळाली. तिथली पहिली कबर अक्काची. ईस्टरच्या पहाटे मी तिथे मेणबत्ती लावते. त्याआधी आसपास वाळकी काडी नाही ना, ते वाकून बघते.