धुडकू आणि पर्वत पाटियाचा खांब

सुरतेतल्या लिंबायतचा खानदेशी रिक्षावाला धुडकू पाटील कोणाला भीत नसे. बायकोला, शोभाबाईला, तो भीत असे, पण ते सगळेच भितात. मात्र पर्वत पाटियाच्या चौकातला खांब दिसला, की त्याची बोबडी वळायची.

शहर स्मार्ट करायचं ठरलं, तेव्हा त्या खांबावर कॅमेरा आला आणि कॅमेऱ्याखाली भोंगा. दूर कुठल्याशा खोलीत बसलेली एक मुलगी पडद्यावर चौक पाहायची आणि चुकणाऱ्याला भोंग्यातून गुजरातीत झापायची. पहिल्यांदा तिने रिक्षाच्या नंबरावरून नाव काढून "धुडकूकाका, लाइननी पाछळ!" म्हणजे रेषेच्या मागे, अशी हाक मारली, तेव्हा धुडकूने घाबरून दोन्ही हात जोडले होते. तेव्हापासून तो रोज पांढऱ्या पट्ट्यावर चाक घाली, रोज बोलणी खाई आणि रोज हात जोडी. देवळातही तो इतका नेमाने जात नसे.

अशात त्याच्या मुलीचं, नूतनचं, लग्न जुळत आलं. मुलगा गजेंद्र सुरतेतच, उधन्यात मशीन दुरुस्त करायचा, निर्व्यसनी होता, मुलीलाही पसंत होता. फक्त त्याचे वडील बळीरामबापू घर बघायला पारोळ्याहून येणार होते. चौकशी केल्याशिवाय सुपारी फोडू न देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. आधीची दोन स्थळं त्यांनी चौकशीतच मोडली होती. नूतनने तर आदल्या दिवसापासून जेवण टाकलं होतं.

धुडकू पाहुण्यांना घ्यायला कडोदऱ्याला गेला. बापू, त्यांची बायको छायाबाई आणि त्यांना आणायला गावी गेलेला गजेंद्र एसटीतून उतरले. मागे तिघांची जागा होती. पण खानदेशात जीपमध्ये मानाचा माणूस ड्रायव्हरशेजारी बसतो, आणि व्याह्यापेक्षा मानाचा कोण?

"तुमी मांगे कसाले बठतस? मन्हा जोडे बठा!" धुडकूने बापूंना ओढून आपल्या सीटच्या कडेला बसवलं. बापूंचं अर्धं अंग आत, अर्धं सुरतेच्या हवेत. तरी मान मिळाल्याने ते खुशीत होते.

पर्वत पाटियाला लाल दिवा लागला. धुडकूला खांब आठवला, पण फार उशिरा.

"धुडकूकाका, आजे पाछा? मेमानने पाछळ बेसाडो!"

अख्खा चौक वळून पाहू लागला. एक स्कूटरवाली हसली. धुडकूचे हात सवयीने जोडले गेले. बापू टोपी सावरत उतरले, मागे जाऊन बसले आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. धुडकूला रडू येत होतं. पोरीचं लग्न आपण भर चौकात मोडलं, असं त्याला वाटत होतं.

घरी शोभाबाईने चहा दिला. बापूंनी बशीत ओतला, फुंकला, संपवला. मग म्हणाले, "व्याही, तो खांब तुमनं नाव लिसन बोलना. तुमले वळखस?"

"रोज वळखस," धुडकू खाली मान घालून म्हणाला. आता लपवून काय करायचं?

"मन्हा भाऊ आठे वीस वरीस ऱ्हायना, त्याले शेजारी बी वळखे ना. तुमले तं खांब वळखस! आते आखो कसानी चवकशी करानी?"

धुडकूने तोंड उघडलं. शोभाबाईने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने तोंड मिटलं. सुपारी फुटली आणि नूतन आतल्या खोलीत चक्क दोन भाकऱ्या जेवली.

महिन्याभराने पत्रिका छापून आल्या. पहिली देवाला ठेवली. दुसरी घेऊन धुडकू पर्वत पाटियाला गेला, रिक्षा थांबवली आणि पत्रिका दोन्ही हातांनी उंच धरली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. तो हलला नाही. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे दिवा हिरवा झालेलाही त्याला दिसला नाही.

खांबावरचा कॅमेरा पत्रिकेकडे वळला. मग भोंगा हळूच म्हणाला, "पत्रिका वांची, काका. लगनमां आवीश. पण रिक्षा लाइननी पाछळ लो."