दोनशे भागिले तीन

नाशिकच्या आमच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंगच्या सबमिशनचे नियम लॅबच्या दारावर चिकटवलेले असत, चपला काढायच्या जागेच्या बरोबर वर. उजव्या रेघांच्या पानावर प्रोग्रॅम शाईने, डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट पेन्सिलीने. सोबत फ्लॉपी. खाडाखोड दिसली तर जर्नल पुन्हा लिहायचं. आणि जर्नलवर सही नाही, तर परीक्षेला बसायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका मशीनला तिघं, त्यातही वीज आपल्या मर्जीची. त्यामुळे एक रीतच पडली होती. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी सही झालेलं जर्नल आणायचं आणि प्रोग्रॅमसकट आउटपुटही उतरवून काढायचं. मशीनचा संबंधच नाही!

मीही उतरवलंच, उगाच साळसूदपणा कशाला? पण एका शनिवारी सिन्नरची एसटी चुकली, म्हणून लॅबमध्ये परत आले, तर चक्क मशीन रिकामं. नुकताच उतरवलेला दहावा प्रोग्रॅम, तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा, सहज चालवून पाहिला. दोनशे भागिले तीन. उतरवायला आणलेल्या जर्नलमध्ये ६६.६७, स्क्रीनवर ६६.००. चार वेळा चालवला. मशीन हट्टाला पेटलं होतं, मग मीही पेटले. माझ्या कोऱ्या डाव्या पानावर ६६.०० लिहून टाकलं.

हॉस्टेलवरची माझी रूममेट देवळ्याची. तिने कपाळाला हात लावला. "येडी हायेस का? सगळ्या वर्गाचं पॉइंट सदुसष्ट अन् तुझं एकटीचं पॉइंट झिरो? सर सही नाय करायचे. घरी काय सांगशील?"

घरी सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सिन्नरच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या वडिलांनी 'पोरगी कॉम्प्युटर शिकते' हे अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. खोडरबर हातात घेतलं होतं, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांनी पाहिलेलं पुसायचं, याचाच मला भयंकर राग आला.

सबमिशनच्या दिवशी सर भराभर सह्या करत होते. माझ्या दहाव्या प्रोग्रॅमवर पेन थांबलं.

"दोनशे भागिले तीन सहासष्ट? पाचवीत काय केलंस?"

"सर, भागाकार मला येतो. मशीनला विचारा." आवाज चढला होता.

सरांनी माझी फ्लॉपी घातली, प्रोग्रॅम चालवला. ६६.००. मग रांगेतलं पुढचं जर्नल ओढून ओळन् ओळ ताडून पाहिली. प्रोग्रॅम तोच. ते स्टूल घेऊन बसले, मलाही एक सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं, की दशांश गळून जातो. चूक इथे आहे."

मग त्यांनी माझं जर्नल पुढे ओढलं.

"इतकी वर्षं या पानावर सही करतोय," ते हळूच म्हणाले. "उत्तर मला माहीत होतं, म्हणून कधी चालवून पाहिलंच नाही."

माझ्या ६६.०० खाली त्यांनी सही केली. बाकी सगळ्यांना दहावा प्रोग्रॅम चालवून आणायला सांगितलं.

माझ्याकडे डोळे वटारत रूममेट शेजारच्या मशीनवर बसली. बराच वेळ एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. मग एकदम ओरडली, "अगं ये, इकडं ये! माझं पण सहासष्टच आलं! आता ते दशांश कसे आणायचे, सांग ना!"

वर्षभरात तिने स्वतः चालवलेला तो पहिला प्रोग्रॅम होता.