झेलानंतरची धाव

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून मी कुणाला कृतघ्न वाटेन. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगला खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, हे मला नववीत सरांनी सांगितलं. क्रिकेटला सगळा जिल्हा उतरतो, तेव्हा कमी गर्दीचा खेळ धरायचा, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्यांनी एका शिबिरात जाऊन बेसबॉल शिकून घेतला, नियमांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, पोत्यात वाळू भरून बेस तयार केले आणि आम्हाला उभं केलं. पुढे प्रवेशफेरीच्या दिवशी तेच माझ्याबरोबर शहरात आले आणि मी बाहेर येईपर्यंत कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले.

त्याच सरांचा एक निर्णय खरा होता की खोटा, हे ठरवायला मी पहिल्या करोना उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून, जिथे मी नोकरी करतो, हार्लेमला गेलो.

निर्णय असा. अकरावीत आमचा संघ जिल्ह्याची अंतिम मॅच खेळत होता, मी राखीव म्हणून बाहेर बसलो होतो. शेवटचा डाव, एका धावेने मागे, एक गडी बाद. आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे क्षेत्ररक्षण करणारा गडी, तिसऱ्या बेसवर उभा. बॅटरने चेंडू लांब उडवला, समोरच्या पोराने तो झेलला आणि झेल होताच आमचा शॉर्टस्टॉप बेस सोडून सुसाट पळाला आणि होमवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, पोचला. बरोबरी झाली म्हणून आम्ही नाचायला लागलो. पंच दुसऱ्या शाळेतले शिक्षक होते, त्यांना नियम नक्की माहीत नव्हता. पुस्तक आमच्या सरांनी वाचलंय हे सगळ्यांना ठाऊक. पंचांनी त्यांनाच विचारलं. सर म्हणाले, "झेल झाला की चेंडू मेला, खेळ थांबला. धाव धरू नका." आपल्याच संघाच्या विरुद्ध. आम्ही हरलो. शॉर्टस्टॉप मैदानातच सरांना नको ते बोलला आणि सरांनी त्याला संघातून काढलं. पुढच्या वर्षी त्याच्या जागी मी उभा राहिलो, आम्ही राज्यापर्यंत गेलो. तो बारावीला गणितात थोडक्यात राहिला. खेळाच्या सवलतीचे गुण असते तर निघाला असता. पुन्हा परीक्षेला बसला नाही. आता त्याचं एसटी स्टँडमागे मोबाइलचं दुकान आहे.

सर मात्र ही गोष्ट दर वर्षी प्रार्थनेनंतर मुलांना सांगायचे. नुकसान झालं तरी खरं बोलावं, याचं उदाहरण म्हणून.

टाळेबंदी लागली, सगळे घरात बसले आणि कुणीतरी जुन्या संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पहिला आठवडा फोटोंत गेला. मग शॉर्टस्टॉपने एका अमेरिकन मॅचचा तुकडा टाकला. "बघा सर. झेल झाला, मग पळाला, धाव दिली."

सरांनी लिहिलं, "व्हिडिओत काय वाट्टेल ते दाखवतात."

"सर, मॅच आहे ती, लग्नाची कॅसेट नाही."

दहा जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. शॉर्टस्टॉपने पुढे लिहिलं, "माझी बारावी गेली त्या एका धावेत."

"बारावी अभ्यास न केल्याने जाते," असं लिहून सर ग्रुपमधून बाहेर पडले. मग सगळे माझ्यावर घसरले. "ए सरांच्या चमच्या, आता का गप्प? युरोपात बसलायस, बोल की." मी फोन पालथा ठेवला. नियम इंटरनेटवर मिनिटभरात सापडला होता. शॉर्टस्टॉप बरोबर होता.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. "तू हॉलंडला आहेस ना? तिथे बेसबॉल खेळतात असं वाचलंय. मोठ्या मैदानावर जा. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला पत्र लिही. तू लिहिशील ते मी मान्य करीन."

"सर, नियम इंटरनेटवर सरळ दिलेला आहे..."

"पुस्तक माझ्याकडेही आहे. मला तुझ्याकडून हवंय."

उन्हाळ्यात इथली बेसबॉलची साखळी स्पर्धा उशिरा सुरू झाली. हार्लेमचं मैदान या देशात बेसबॉलसाठी नावाजलेलं, म्हणून तिथल्या एका मॅचसाठी आधी नाव नोंदवून दोन जागा घेतल्या. दुसरी आमच्या ऑफिसातल्या एका पुणेकरासाठी. घरून काम करून तोही कंटाळला होता आणि त्याला हार्लेमचे कालवे बघायचे होते. सरांचं प्रकरण मी त्याला गाडीत सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे तू खरंच खेळायचास? मला वाटलं, नुसतं सर्टिफिकेट."

"खेळायचो."

"पण शेवटी कोटाच ना?"

"जागा होती, ती मिळवली."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून तो मास्कच्या आड हसला. मला त्याला पुढच्याच स्टेशनवर उतरवून द्यावंसं वाटलं.

सरांच्या मनातलं स्टेडियम मला माहीत होतं. उंच दिवे, लाखभर माणसं, डोळे दिपवणारा फलक. हार्लेमला एक छपराचा स्टँड होता, बाजूला उघड्या पायऱ्या आणि पलीकडे झाडं. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाला थोडा रंग दिला तर असंच दिसेल. "हे मेजर लीग?" पुणेकर म्हणाला. "आमच्या सोसायटीचं पार्किंग याहून मोठं आहे."

दारात एका स्वयंसेवक बाईने हातावर जंतुनाशक ओतलं, यादीत नाव तपासलं आणि नावाचा उच्चार करायचा प्रयत्नही न करता बोटाने पुढे जायला सांगितलं. जमिनीवर बाण, दोन-दोन खुर्च्यांआड बसू नये म्हणून पट्ट्या. भिंतीवर सूचना: दीड मीटर अंतर ठेवा, गाऊ नका, ओरडू नका. त्या उन्हाळ्यात खेळ बघायला परवानगी होती, आवाज करायला नव्हती. आमच्या पुढच्या ओळीत नेहमीचे प्रेक्षक होते, साठीपुढचे. आम्ही बसलो तसं त्यांतल्या एकाने मागे वळून आमच्यातलं आणि त्याच्यातलं अंतर नजरेने मोजलं आणि स्वतःची खुर्ची बदलली. अंतर पुरेसं होतं.

मला ते मैदान पहिल्यापासून आवडलं नाही. गवत फार नीट कापलेलं होतं. बेस पांढरेशुभ्र होते. खेळाडू आरामात च्युइंगम चघळत होते, हरले तरी कुणाची बारावी जाणार नव्हती. आमच्या पोरांनी पाळीपाळीने ग्लोव्ह घातले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना आणि त्याचा राग मी समोरच्या अनोळखी माणसांवर काढत होतो.

तिसऱ्या डावात दुसऱ्या बेसवर एक खेळाडू होता. चेंडू उडाला, जवळच झेल झाला. तो बेसवरच उभा राहिला. मी सावरून बसलो. पुढच्या एका डावात पुन्हा तसंच. झेल, आणि धावणारा जागेवर. नियम मला माहीत होता, तरी मी मनाशी म्हणू लागलो की इथे तरी कुणी पळत नाहीये, मी जे पाहिलं ते लिहीन. तेवढं लिहिलं तर खोटं होणार नाही.

"झालं का तुझं इन्स्पेक्शन?" पुणेकराने विचारलं. "लिही की मास्तरांना, सर तुम्हीच बरोबर. म्हातारा खूश, तू खूश. कोण बघायला येतंय?"

मला त्याचा राग आला, कारण मी तेच ठरवत होतो.

मग एक धाव कमी असलेल्या संघाचा खेळाडू तिसऱ्या बेसवर पोचला. एक गडी बाद. चेंडू डावीकडे खोल उडाला. क्षेत्ररक्षक मागे मागे गेला. बेसवरचा खेळाडू पळाला नाही. एक पाय बेसवर रोवून, मान मागे वळवून, झेलाची वाट बघत तो वाकून उभा राहिला. आमचा शॉर्टस्टॉप हुबेहूब तसाच वाकला होता. चेंडू ग्लोव्हमध्ये पडला आणि मी उभा राहून ओरडलो, "पळ! अरे पळ!"

तो पळाला. चेंडू लांबून होमकडे आला, धूळ उडाली, पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. सुखरूप. फलकावर धाव चढली. कुणीही वाद घातला नाही, आणि गप्प बसलेल्या त्या स्टँडमध्ये माझाच आवाज घुमत राहिला.

पुढची ओळ पूर्ण वळली. खुर्ची बदललेला गृहस्थ आधी डचमध्ये आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाला, "ओरडायचं नाही. वाचता येत नाही का?"

"सॉरी. चुकून..."

"हे क्रिकेट नाही. तुमच्या देशात काय चाललंय ते आम्ही रोज टीव्हीवर बघतो. ते इथे आणू नका."

"मी इथेच राहतो," मी म्हणालो. "मार्चपासून घरातून बाहेर पडलेलो नाही."

"मग घरीच राहायचं होतं."

दारावरची बाई आली. तिने मला काही विचारलं नाही, त्याला विचारलं. मग मला म्हणाली, आज तुम्ही गेलात तर बरं. मी उठलो. जाताना तिला एकच प्रश्न केला. झेल झाल्यावर पळाला, ती धाव धरतात ना? तिने मी चेष्टा करतोय का हे माझ्या चेहऱ्यावर शोधलं. "अर्थात," ती म्हणाली. "नेहमीच."

बाहेर पुणेकर भडकला. "त्या मास्तरापायी अपमान करून घेतलास. माझाही. आता तरी खोटं लिही, निदान आलो त्याचं काहीतरी सार्थक होईल."

"तू कालवे बघ," मी म्हणालो, आणि एकटा स्टेशनकडे निघालो.

परतीच्या गाडीत त्या गृहस्थाचा राग लेडनपर्यंत टिकला. नंतर तो सरांवर वळला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. पंचांनी विचारलं तेव्हा सरांना खात्री नव्हती. असती तर ते पुस्तक उघडायला गेले नसते. पण मॅचनंतर मी त्यांना वर्गाच्या मागे एकटेच पानं उलटताना पाहिलं होतं. मला वाटलं होतं, ते दुःखात आहेत. काही तरी सापडलं असेल किंवा नसेलही, पण त्यानंतर ते पुस्तक त्यांनी मैदानावर कधी आणलं नाही. आणि गोष्ट मात्र सांगत राहिले.

चार दिवस मी काही लिहिलं नाही. आईचा फोन आला, "सरांना दुखवू नको रे, आपल्यावर त्यांचे उपकार आहेत." उपकार आहेतच. मग लिहिलं आणि टाकलं. भारतात टपाल कधी पोचेल, हे काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नाही. पत्र असं होतं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं मैदानावर जाऊन डोळ्यांनी पाहिलं. झेल झाल्यावर चेंडू मरत नाही. बेसला पाय लावून थांबलेल्याला झेलानंतर पळता येतं. इथे एक खेळाडू तसा पळाला आणि त्याची धाव धरली. आपल्या शॉर्टस्टॉपची धाव बरोबर होती.

तुम्ही तेव्हा खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. पण खात्री नसताना ठाम बोललात. 'मला माहीत नाही' एवढं म्हणाला असतात तरी आम्ही तुम्हाला तितकंच मानलं असतं. त्याला संघातून काढलंत, म्हणून मी संघात आलो. माझं कॉलेज, माझी नोकरी, हा देश, सगळं त्या जागेवरून मिळालं. त्याबद्दल तुमचे आभार मानताना मला इथून पुढे त्याचंही नाव घ्यावं लागेल.

शाळा उघडली की प्रार्थनेनंतर ती गोष्ट सांगू नका. सांगितलीत तर शेवट बदलून सांगा.

ग्रुपवर मी काहीही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. त्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगावं, असं मला वाटतं. तो उद्धट बोलेल. तेव्हाही बोलला होता. बोलू द्या.

हे पत्र लिहिताना मला तुमचा राग आला आहे, हे लपवत नाही. तुमचं उत्तर आलं नाही तरी मी सुट्टीत घरी आलो की पहिल्यांदा तुमच्याकडेच येईन.

तब्येतीला जपा. बाहेर जाताना मास्क लावा.

आपला विद्यार्थी